सोळाव्या क्रमांकाचा रकाना

गेली दोन वर्षे माझ्या वंशावळीतील सोळाव्या क्रमांकाच्या रकान्यात ज्या माणसाची माहिती लिहिलेली होती, तो माझा पूर्वज नव्हता, हे मला मागच्या महिन्यात कळले. नाव बरोबर होते, माणूस मात्र दुसराच होता. त्याचे जन्मवर्ष, त्याचा व्यवसाय, त्याचे आईवडील आणि त्या आधारावर मी मोठ्या कष्टाने जोडत नेलेल्या आणखी दोन पिढ्या, असे सगळे मला एका संध्याकाळी खोडावे लागले. खोडताना वाईट वाटले. तरीही ही चूक कशी झाली आणि कशी सापडली हे सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांकडून हीच चूक वारंवार होते आणि बहुतेक वेळा ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

आधी त्या क्रमांकाविषयी सांगते. वंशावळ लिहिताना स्वतःला १ हा क्रमांक द्यायचा, वडिलांना २ आणि आईला ३. त्यानंतर कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्या व्यक्तीच्या वडिलांचा क्रमांक मिळतो आणि दुपटीत एक मिळवला की आईचा. ऑस्ट्रियातील इतिहासकार मिखाएल आयत्सिंगर यांनी १५९० मध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली, १६७६ मध्ये हेरोनिमो दे सोसा यांनी ती वापरली आणि १८९८ मध्ये स्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनित्स यांनी तिचा प्रसार केला. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही संगणकावरील बहुतेक वंशावळींमध्ये वापरली जाते, आणि ती मला फार आवडते, कारण नुसत्या आकड्यावरून नाते उलगडता येते. २२ हा क्रमांक घ्या. त्याची निम्मी संख्या ११, म्हणजे हे अकराव्या व्यक्तीचे वडील. ११ ही विषम संख्या, म्हणजे ती पाचव्या व्यक्तीची आई. पाचवी व्यक्ती दुसऱ्याची आई आणि दुसरे माझे वडील. तेव्हा २२ म्हणजे माझ्या वडिलांच्या आईच्या आईचे वडील. त्याच हिशेबाने ८ म्हणजे माझे पणजोबा, १६ म्हणजे खापरपणजोबा आणि १७ म्हणजे खापरपणजी. या पद्धतीचा आणखी एक गुण म्हणजे जो रकाना रिकामा आहे तो रिकामाच दिसतो. मात्र चुकीने भरलेला रकाना भरलेलाच दिसतो, आणि माझी अडचण तीच झाली.

शोधाची सुरुवात मी सर्वांप्रमाणेच घरातील वडीलधाऱ्यांपासून केली. माझ्या सर्वांत थोरल्या आत्याशी मी तीन वेळा बोलले आणि तिन्ही वेळा तिच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित केले. पहिल्या बैठकीत मी तिला सरळ वर्षे विचारली: आजोबांचा जन्म कधीचा, लग्न कधी झाले, घर कधी सोडले. तिला एकाही प्रश्नाचे उत्तर नीट देता येईना आणि ती खिन्न झाली, तेव्हा चूक माझ्या विचारण्यात आहे हे माझ्या ध्यानात आले. माणसाची स्मरणशक्ती दिनदर्शिकेप्रमाणे रचलेली नसते. दुसऱ्या बैठकीला मी जुनी छायाचित्रे घेऊन गेले, ती एकेक करून तिच्या हातात दिली आणि वर्षांविषयी एक अक्षरही विचारले नाही. मग मात्र कोणाचा जन्म कोणत्या आजारपणानंतर झाला, कोणत्या भावाच्या लग्नात कोण अंगावर पिते मूल होते, कोणी कोणाशी बोलणे टाकले होते, हे सारे ती न थांबता सांगू लागली. घटनांचा असा क्रम एकदा हाती आला की त्यातील एखाद्या घटनेचे वर्ष कागदावर सापडताच पुढच्या मागच्या घटना आपोआप आपल्या जागी बसतात. बोलणे ध्वनिमुद्रित करावे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. टिपण काढताना आपण त्या वेळी जे महत्त्वाचे वाटते तेवढेच लिहितो, आणि काय महत्त्वाचे आहे हे पुष्कळदा दोन वर्षांनी कळते. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले.

आठवणींनंतर कागदांची पाळी येते. कागद मिळाला की आपल्याला खात्री पटल्यासारखे वाटते, पण कागदालाही एक हेतू असतो, आणि ज्या हेतूने तो लिहिला गेला त्यापुरताच तो भरवशाचा असतो. मृत्यूचा दाखला मृत्यूच्या तारखेसाठी उत्तम पुरावा आहे, कारण ती तारीख सांगणाऱ्याने ती घटना नुकतीच पाहिलेली असते. त्याच दाखल्यावरील वय किंवा जन्मस्थान मात्र सून, जावई किंवा शेजारी यांनी ऐकीव माहितीवरून सांगितलेले असू शकते. जनगणनेचे तर याहून वेगळे. इंग्लंडमधील १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहावीत अशी गणकांना सूचना होती, त्यामुळे चौतीस वर्षांचा माणूस तेथे तीस वर्षांचा म्हणून नोंदलेला सापडतो. हे ठाऊक नसलेला संशोधक त्याचा जन्म चार वर्षे पुढच्या नोंदींत शोधत बसतो, आणि दुर्दैवाने तेथे त्याच नावाचे कोणीतरी सापडते.

नोंदींचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा, म्हणजे नसलेल्या कागदाच्या शोधात वर्षे जात नाहीत. इंग्लंडमध्ये राजा आठवा हेन्री याचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्या आदेशाने १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात झाली. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदींचा नियम केला. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९२ मध्ये हे काम चर्चकडून नगरपालिकांकडे आले, इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, आणि जपानमध्ये १८७२ च्या सुमारास देशभर कुटुंबनोंदवह्या तयार झाल्या. स्कॉटलंडने १८५५ मध्ये सरकारी नोंदणी सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांची वये, त्यांची जन्मस्थाने, विवाहाचे ठिकाण आणि दिनांक, इतकेच काय, बाळाच्या आधीच्या भावंडांची संख्याही लिहिली जात असे. इतके लिहिणे निबंधकांना झेपेना म्हणून पुढच्याच वर्षी त्यातील बराच तपशील वगळण्यात आला. त्या एका वर्षी जन्मलेल्या मुलांच्या वंशजांचा मला हेवा वाटतो.

नावांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागतो. आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले असेल असे आपण गृहीत धरतो, परंतु जगातील पुष्कळ ठिकाणी स्थिर आडनाव ही अलीकडची गोष्ट आहे. नेदरलँड्समध्ये नेपोलियनच्या १८११ च्या आदेशाने, जपानमध्ये १८७५ मध्ये आणि तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने सर्वांना आडनाव घेणे भाग पडले. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचे किंवा आईचे नाव लागते, त्यामुळे बाप आणि मुलगा यांची शेवटची नावे वेगळी असतात. लेखनातील फरकांचा प्रश्न तर सर्वत्र आहे. ज्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते त्यांचे नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले, आणि एकाच माणसाचे नाव चार कागदांवर चार प्रकारे आढळणे यात काही विशेष नाही. उच्चारसाम्यावरून नावे एकत्र आणणारी साउंडेक्स ही पद्धत १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली ती याच अडचणीपोटी. याउलट, न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, ही असंख्य कुटुंबांत सांगितली जाणारी कथा मात्र खरी नाही. १८९२ ते १९५४ या काळात त्या बेटावरून सुमारे सव्वा कोटी माणसे अमेरिकेत गेली, आणि तेथील अधिकारी नवी नावे लिहीत नसत. जहाज सुटले त्या बंदरात तयार झालेली प्रवाशांची यादी समोर ठेवून ते प्रश्न विचारत. नावे बदलली ती पुढे, बहुतेकदा त्या माणसांनी स्वतःच.

नात्यांच्या शब्दांची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. चुलत, आते, मामे आणि मावस भावंडांना वेगवेगळे शब्द असल्यामुळे मराठीत बोललेली आठवण संशोधकाला फार उपयोगी पडते, कारण 'मावसभाऊ' म्हटले की नाते आईच्या बहिणीकडून आहे हे एका शब्दात ठरते. जुन्या इंग्रजी कागदांत ही सोय नाही. तेथे 'कझिन' हा शब्द कोणत्याही दूरच्या नातलगाला लावलेला सापडतो आणि 'मदर-इन-लॉ' म्हणून लिहिलेली स्त्री सासू नसून सावत्र आई असू शकते. एकाच गावातील 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेक असतीलच असे नाही. एकाच नावाचा एक वयाने मोठा आणि दुसरा लहान, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता माझ्या चुकीकडे येते. पणजोबांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव आम्हा सर्वांना ठाऊक होते. पणजोबांच्या विवाहाची नोंद मला सापडली होती आणि तीवर त्यांच्या वडिलांचे, म्हणजे खापरपणजोबांचे नाव स्पष्ट होते. पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीतील वयावरून मी त्यांचे जन्मवर्ष काढले आणि जन्माच्या वह्या पाहू लागले. त्या वर्षाच्या एक वर्ष आधी, तेच नाव आणि वडिलांचे तेच नाव असलेले बाळ मला सापडले. मी आनंदाने ती नोंद उतरवून घेतली. बाळाच्या आईचेही नाव तीत होते, ते मी सतराव्या रकान्यात लिहिले आणि पुढे निघाले. त्या वडिलांचे वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील असे करत ३२, ६४ आणि १२८ हे रकाने भरले. प्रत्येक पायरीला माझ्याकडे कागद होता. फक्त पहिली पायरी चुकीची होती.

तशी ती चुकीची आहे असे मला मुळीच वाटले नव्हते. मागच्या महिन्यात दुसऱ्याच एका शाखेतील मृत्यू शोधण्यासाठी मी त्याच काळातील मृत्यूची वही पाहत होते आणि एका पानावर पणजोबांचे नाव वाचले. आठ महिन्यांचे बाळ, वडिलांचे तेच नाव. मी ज्याला पणजोबा समजत होते तो जीव पहिल्या वाढदिवसापर्यंतही जगला नव्हता. ती दोन ओळींची नोंद मी बराच वेळ पाहत राहिले. जन्माची नोंद सापडली की मृत्यूच्या वहीत पुढची दहा वर्षे चाळावीत, हा नियम मी वाचलेला होता. ज्या काळात इतकी मुले दगावत असत त्या काळासाठी तो फार आवश्यक आहे, आणि तरीही तो मी पाळला नव्हता.

पण एवढ्यावरून निष्कर्ष काढणेही घाईचे झाले असते. अनेक समाजांत मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव देत असत. म्हणजे मृत बाळ हे पणजोबांचे थोरले भाऊ असू शकत होते, आणि तसे असेल तर आईवडील तेच, सोळावा रकाना बरोबर, आणि वरच्या पिढ्याही बरोबर. दोन दिवस मी या शक्यतेला धरून होते, आणि ती खरी ठरावी अशी माझी इच्छा होती हे मला कळत होते. आपल्या इच्छेच्या बाजूने पुरावा वाचणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेतील वंशावळ-संशोधकांच्या प्रमाणन मंडळाने पुराव्याची जी कसोटी ठरवली आहे तीत याच कारणासाठी परस्परविरोधी पुराव्यांचा उलगडा करण्याची वेगळी अट घातलेली आहे. शक्य तेवढे सर्व शोधा, प्रत्येक विधानाचा आधार लिहा, पुरावे एकमेकांशी ताडून पाहा, विरोध मिटवा आणि मग निष्कर्ष तर्कासह लिहून काढा, असे तिचे स्वरूप आहे. शेवटची अट मला पूर्वी निरर्थक वाटत असे. आता मी प्रत्येक दुव्यासाठी एक परिच्छेद लिहिते, कारण लिहायला बसले की जेथे आधार नाही तेथे वाक्य अडते.

निर्णय शेवटी खापरपणजीच्या नावाने केला. मी आत्याची ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकायला घेतली आणि दुसऱ्या बैठकीत, एका छायाचित्रातील बाईंविषयी बोलता बोलता, तिने म्हटलेले एक वाक्य माझ्या कानावर आले: "आमच्या आजोबांनी थोरल्या लेकीला आपल्या आईचं नाव ठेवलं होतं, म्हणून ते तिला कधी नावानं हाक मारत नसत." हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी समोर बसून ऐकले होते आणि माझ्या टिपणात ते नव्हते. आत्याचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. त्यांच्या थोरल्या लेकीचे नाव आम्हाला ठाऊक आहे. म्हणजे खापरपणजीचे नावही तेच. आणि जन्माच्या त्या नोंदीत बाळाच्या आईचे नाव निराळे होते. दुसरे लग्न किंवा दुसरे नाव ही शक्यता उरत होती, म्हणून मी आणखी एक आधार शोधला. पणजोबांच्या विवाहाच्या नोंदीखाली त्यांच्या वडिलांची सही आहे, वळणदार आणि सराईत हाताची. मी ज्यांना खापरपणजोबा समजत होते त्यांनी त्याच सुमाराच्या एका जमिनीच्या कागदावर अंगठा उमटवलेला आहे. एकाच ठिकाणी, एकाच काळात, एकाच नावाचे दोन पुरुष होते. एकाला लिहिता येत होते, दुसऱ्याला येत नव्हते.

या प्रकरणात मला सर्वांत अधिक लागून राहिलेली गोष्ट अशी की सतराव्या रकान्यातील नाव मी कधी तपासलेच नाही. वडिलांचे नाव जुळले, तेवढे मला पुरले. आईचे नाव मी जुळवण्याचे साधन म्हणून वापरले नाही, सापडले म्हणून लिहून घेतले. हे माझ्या एकटीचे नाही. वंशावळींचा सारा इतिहासच असा आहे. चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस याच्या घराण्याची वंशावळ जगातील सर्वांत दीर्घ म्हणून ओळखली जाते. तिच्यात ऐंशीहून अधिक पिढ्या आणि २००९ च्या आवृत्तीनुसार वीस लाखांहून अधिक माणसे आहेत, आणि त्या २००९ च्या आवृत्तीत प्रथमच स्त्रियांना स्थान मिळाले. ज्या देशांत विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते तेथे तिच्या माहेरचे घराणे एका कागदाबरोबर दिसेनासे होते. म्हणून जे कागद ते नाव जपतात ते फार मोलाचे: इंग्लंडमधील जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते, स्कॉटलंडमध्ये तर मृत्यूच्या दाखल्यावरही मृताच्या आईचे ते नाव लिहिलेले असते. इंग्लंडच्या १९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना किती मुले झाली, त्यांतील किती जगली आणि किती गेली, हे विचारले होते. घरात कोणी ज्यांचे नावही काढले नाही अशा मुलांचा पत्ता त्या एका रकान्यामुळे लागतो. एका नावाचे दोन पुरुष पुष्कळदा सापडतात. नवरा आणि बायको या दोघांचीही नावे तीच असलेले जोडपे मात्र दुसरे सापडणे कठीण असते. आई सोडून देणारी वंशावळ आपला सर्वांत चांगला पुरावा सोडून देते.

माझी चूक माझ्यापुरतीच राहिली नाही, याचा मला खेद आहे. मी ती वंशावळ एका संकेतस्थळावर ठेवली होती आणि तीन अनोळखी माणसांनी त्या चार पिढ्या आपल्या वंशावळीत उतरवून घेतल्या. आता कोणी नव्याने शोधू लागला तर त्याला चार ठिकाणी तीच माहिती दिसेल आणि चार साक्षी मिळाल्यासारखे वाटेल, वास्तविक साक्ष एकच आहे आणि तीही चुकीची. तिघांनाही मी पत्रे लिहिली, एकाने उत्तर दिले. प्रामाणिक चुकीचे असे होते, तर खोटेपणाचे काय होत असेल? गुस्ताव्ह अँजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी तयार करून विकल्या. त्या रचनेत अस्सल नोंदींच्या मध्ये कल्पित नोंदी पेरलेल्या असत, आणि त्या ग्रंथालयांतून पसरल्यामुळे आजही त्यांतील दुवे लोकांच्या वंशावळींत सापडतात.

मला पुष्कळ जण विचारतात की एवढी कटकट कशाला, डीएनए चाचणी केली की सगळे कळेल. चाचणी उपयोगी आहे, मी स्वतः ती केली आहे, पण तिच्याकडे नावे नसतात. फक्त पुरुषांत असणारे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील घटकाचा डीएनए आईकडून सर्व मुलांकडे, परंतु पुढे तो मुलीच चालवतात. म्हणजे वंशावळीच्या अगदी दोन्ही काठांवरच्या रेषा, एक केवळ पुरुषांची आणि एक केवळ स्त्रियांची, त्यांतून दिसतात. उरलेल्या गुणसूत्रांतील निम्मा वाटा प्रत्येक पिढीत गळतो, प्रत्येक आजीकडून आणि प्रत्येक आजोबांकडून सरासरी पाव भाग येतो, आणि मागे जावे तसे काही पूर्वजांचा कोणताही अंश आपल्यात उरत नाही. खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांमध्ये दहातील साधारण एका जोडीत जुळणारा भाग आढळतच नाही. जुळले नाही म्हणजे नाते नाही, असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, चाचणीतून घरातील झाकलेली गोष्ट उघडी पडू शकते आणि तिचा परिणाम जिवंत माणसांवर होतो. म्हणून नातलगांना चाचणी करायला सांगण्याआधी, तुम्हाला नको असलेले काही कळले तर चालेल का, हे मी विचारते आणि नकार आला तर तो मानते.

कागद आणि रक्त यांचा मेळ कसा बसतो याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे आहे. तो १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला आणि २०१२ मध्ये लेस्टर येथे एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत राजाच्या बहिणीपासून आईकडून मुलीकडे अशी चालत आलेली रेषा आजच्या वंशजांशी जुळली. पुरुषांकडून चालत आलेल्या रेषेतील पाच वंशजांपैकी मात्र एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही. म्हणजे मधल्या शतकांत कोठे तरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. युरोपातील अतिशय काटेकोरपणे लिहिलेल्या राजघराण्याच्या वंशावळीत असे होते, तर इतरांच्या वंशावळीत ते नसेल असे कसे म्हणावे? मला यातून निराशा येत नाही. ज्याने मुलाला आपले म्हणून वाढवले तो त्या घराचा पूर्वज आहेच. फक्त आपण रक्ताची रेषा लिहितो आहोत की घराची, हे लिहिणाऱ्याने मनाशी ठरवावे आणि तसे नमूद करावे.

किती मागे जायचे, हाही प्रश्न येतो. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज, वीस पिढ्या मागे १० लाख ४८ हजारांहून अधिक आणि तीस पिढ्या मागे १०७ कोटींहून अधिक, असा हिशेब निघतो. त्या काळी साऱ्या पृथ्वीवर इतकी माणसे नव्हती. अर्थ असा की तीच माणसे वेगवेगळ्या रकान्यांत पुन्हा पुन्हा येतात. स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो याचे आईवडील दोन सख्ख्या भावांची आणि दोन सख्ख्या बहिणींची मुले होती, त्यामुळे कागदोपत्री त्याला आठऐवजी चारच पणजोबा-पणजी होते. हा हिशेब कळल्यापासून कोणा थोर पुरुषाशी नाते लावण्याची माझी हौस पूर्णपणे संपली, कारण इतक्या मागे गेल्यावर ते नाते बहुतेक सर्वांचेच असते. आपले म्हणावे असे जे काही आहे ते पाचसहा पिढ्यांतच आहे, आणि तेवढ्या पिढ्या नीट सिद्ध करायला एक आयुष्य कमी पडते.

शिवाय कित्येकांना तेवढेही मिळत नाही. डब्लिनमधील अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी यादवीत जळाले आणि आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील पहिल्या चार जनगणनांची जवळजवळ सर्व पाने गेली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे कागद जानेवारी १९२१ च्या आगीत सापडले. अशा ठिकाणी उरलेल्या कागदांवरून रचना करावी लागते. आयर्लंडमध्ये जळालेल्या दप्तरांच्या जगभर विखुरलेल्या प्रती गोळा करून २०२२ मध्ये ते अभिलेखागार संगणकावर पुन्हा खुले करण्यात आले, ही बातमी वाचून मला खरोखर भरून आले होते. जेथे थेट नोंद नाही तेथे शेजारी, साक्षीदार, भागीदार आणि सोबत प्रवास करणारे यांचा माग काढावा असे अनुभवी संशोधक सांगतात, कारण माणसे एकटी जगत नाहीत. सही करायला कोणीही वाटसरू बोलावला जात नाही, आपलेच कोणीतरी बोलावले जाते.

सध्या माझ्या सोळाव्या रकान्यात खापरपणजोबांचे नाव आहे आणि त्याखाली त्यांच्या सहीची प्रत चिकटवलेली आहे. जन्मवर्ष नाही, आईवडील नाहीत. सतराव्यात खापरपणजीचे नाव, एवढेच, आणि त्यापुढे आधार म्हणून आत्याच्या दुसऱ्या बैठकीची तारीख. ३२, ६४ आणि १२८ रिकामे आहेत. पणजोबांच्या विवाहाच्या नोंदीवर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतील एक आमच्या घराण्यातील म्हणून ओळखू येतो. दुसऱ्याचे आडनाव आमच्याकडे कोणाचेही नाही, आणि तो खापरपणजीचा भाऊ असावा अशी शंका मी सतराव्या रकान्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. येत्या आठवड्यात त्या आडनावाच्या नोंदी पाहायला मी सुरुवात करणार आहे, आणि या वेळी आधी मृत्यूची वही उघडणार आहे.